लहान खोलीच्या भिंतीची व्यवस्था

मी, कापितोलिना येगोरोव्ना सुखारेवा, वय वर्षे बहात्तर, पूर्वीचा धंदा गिलावा व रंगकाम, राहणार स्तारी बोर, नदीकडची गल्ली, घर क्रमांक नऊ, हे मृत्युपत्र माझ्या स्वयंपाकघरात बसून, स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही की फूस लावलेली नाही, आणि आज मी चहाशिवाय काहीही घेतलेले नाही. येत्या गुरुवारी जिल्ह्याच्या दवाखान्यात माझ्या पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात काळजी करू नका, पण म्हणताना ते खिडकीबाहेर बघतात, म्हणून आवराआवर केलेली बरी.

नोटरीबाईंनी सांगितले होते की मृत्युपत्र एका पानात बसते. ज्यांच्या मागे फक्त घर राहते त्यांचे बसत असेल. माझ्यामागे एक भिंत राहते आहे, आणि तिच्याबद्दल नीट लिहिले नाही तर ती एका सकाळी पाडली जाईल.

कलम १. माझी स्थावर मिळकत म्हणजे वर नमूद केलेले लाकडी घर, मोठी खोली, लहान खोली व स्वयंपाकघर धरून, मागची बाग, न्हाणीघर आणि बटाट्यांचे तळघर. हे सर्व माझे पती फ्योदर निकीतिच यांच्या पश्चात माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते मी माझा मुलगा वालेरी फ्योदोरोविच, राहणार कालुगा, यास देते. लहान खोलीची भिंत मात्र यातून वगळली आहे, त्याबद्दल कलम ४ पासून पुढे पाहावे. वालेरीने घरासाठी मॉस्कोचे गिऱ्हाईक बघून ठेवले आहे हे मला माहीत आहे. त्या माणसाला घर नको, नदीकडची जागा हवी आहे, आणि घर तो पहिल्याच आठवड्यात जमीनदोस्त करणार. वालेरी वाईट नाही. तो मला कालुग्यात फ्लॅट घेऊन देणार होता. "आई, नळ सोडला की गरम पाणी," असे तो दर सुट्टीत ऐकवतो. त्याला जागा विकायची तर त्याने खुशाल विकावी, पण खालच्या अटी पुऱ्या झाल्यावर.

कलम २. बँकेत जे आहे त्यातून माझे दफन व्हावे आणि दफनानंतरचे जेवण. जेवणाला पुऱ्या गल्लीला बोलवावे. कोबी भरून भाजलेले पिरोग शेजारच्या तैसिया फिलिपोव्नाने करावेत, म्हणजे मीठ बेताचे पडेल. फ्योदरची बाजूला डबा असलेली मोटारसायकल वालेरीची. फ्योदरचा अकॉर्डियनही त्याचाच. त्याला वाजवता येत नाही, पण फ्योदरलाही येत नव्हते.

कलम ३. माझी सर्व हत्यारे, म्हणजे दोन थाप्या, ओळंबा, भिंतीच्या भेगांत लांबी भरायच्या चार पट्ट्या, खळ लावायचा रुंद ब्रश (मूठ नाशपातीच्या लाकडाची, ती बदलू नये), कात्री आणि उंचावर उभे राहायची घोडी, माझी भाची उस्तिन्या हिला. ती अडतीस वर्षांची आहे आणि माझ्याच जुन्या टोळीत काम करते. आजकाल सगळीकडे जिप्समचे तक्ते ठोकतात आणि त्याला परदेशी पद्धतीची दुरुस्ती म्हणतात. उस्तिन्याला अजून खरा गिलावा येतो. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी, कारण ती कमी बोलते.

इथेच एक जुना हिशेब उरकते. नगरपालिकेने माझ्या घराच्या दर्शनी बाजूला जी पाटी लावली आहे तिच्यावर 'लेखक ग्लेब आर्सेन्येविच लादीगिन या घरात १९६५ ते १९७२ या काळात राहिले' असे कोरले आहे. ते १९७३च्या मार्चपर्यंत राहिले. मी तीनदा जाऊन सांगितले. तिथल्या बाईंनी मला विचारले की तुमच्याकडे काही पुरावा आहे का. माझ्याकडे त्यांची वाडगी आहे, चमचा आहे आणि रोज सकाळी त्यांच्यासाठी उकळलेल्या पाण्याच्या किटलीचे करपलेले बूड आहे. घर पडले की पाटीही पडेल, तेव्हा तो प्रश्न सुटला असे धरावे.

कलम ४. आता भिंतीबद्दल.

ग्लेब आर्सेन्येविच आमच्याकडे भाडेकरू म्हणून आले तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. त्याआधी आठ वर्षे ते उत्तरेकडच्या कैद्यांच्या छावणीत नदीतून ओंडके सोडत होते. सुटल्यावर त्यांच्या कथांचे एक पातळसे पुस्तक निघाले आणि दोन वर्षांत वरच्या हुकमाने वाचनालयांतून काढूनही घेतले गेले. मॉस्कोत राहायची त्यांना मुभा नव्हती, म्हणून ते आमच्या गावी. लहान खोलीत खाट, टेबल आणि टंकलेखन यंत्र. यंत्राखाली ते घडी केलेली गोधडी घालत, आवाज कमी व्हावा म्हणून. फ्योदर त्यांना लेखकराव म्हणायचा. "लेखकराव, लाकडं फोडता येतात का, की नुसती मोजता येतात?" असे त्याने पहिल्याच दिवशी विचारले. लाकडे त्यांनी फ्योदरपेक्षा चांगली फोडली. छावणीत ती एकच गोष्ट शिकवतात.

वर्षभराने पोलीस शिपाई येऊन सांगून गेला की हा माणूस कुठेही नोकरीला नाही, तेव्हा ऐतखाऊ म्हणून याच्यावर खटला होईल. मी दुसऱ्या दिवशी त्यांना माझ्या टोळीत मदतनीस म्हणून लावून घेतले. पहिले काम बालवाडीतले होते. मी खळ घोटत होते तोवर या गृहस्थांनी दाराजवळून वॉलपेपर लावायला सुरुवात केली. मी तो ओला पट्टा ओढून काढला. आमच्या धंद्यात काम नेहमी खिडकीपासून सुरू होते. खिडकीपासून आधी उजवीकडे जायचे, ती बाजू संपली की परत खिडकीशी येऊन डावीकडे. त्याने सांध्यावर सावली पडत नाही. हे मी त्यांना ज्या शब्दांत सांगितले ते पुढे येईल. टोळीत नवा माणूस आला की मी तेच शब्द वापरत असे, आणि अर्ध्या गावाला ते पाठ आहेत.

सात वर्षे ते माझ्याबरोबर काम करत होते. कामगार म्हणून सुमार, मुठीत ब्रश धरला की लेखणी धरल्यासारखा. पण माणूस म्हणून मला त्यांच्याइतके जवळचे कोणी झाले नाही. हे मी आज पहिल्यांदा लिहीत आहे. आमच्यात असे काहीही घडले नाही की ज्याची वालेरीला लाज वाटावी. संध्याकाळी काम संपले की ते बशीत थोडे सूर्यफुलाचे तेल ओतून माझ्या हातांवरचा रंग फडक्याने पुसून काढत, एकेक बोट करून. शेवटपर्यंत आम्ही एकमेकांना तुम्ही म्हणत होतो. माझा त्यांच्यावर जीव होता.

सदर सात वर्षांत त्यांनी 'ओंडक्यांचे वर्ष' ही कादंबरी लिहिली. एक प्रत, पातळ कागदावर, प्रत्येक पान म्हणजे एक पुरा तुकडा, पानांवर आकडे नाहीत. आकडे का नाहीत असे मी विचारले तर म्हणाले, "एखादं पान सापडलं तर बाकीची किती आहेत हे त्यांना कळायला नको." प्रकरण पुरे झाले की ते माझ्या हाती देत आणि मी ते लहान खोलीच्या वॉलपेपरखाली लावत असे. सगळ्यांच्या घरी वॉलपेपरखाली जुनी वर्तमानपत्रे असतात, आमच्याकडे कादंबरी होती. पाने खळीच्या चारच ठिपक्यांवर चिकटवायची, वरचा वॉलपेपर फक्त कडेने, म्हणजे उद्या काढायचे म्हटले तर फाटणार नाही. पहिले प्रकरण खिडकीच्या उजवीकडे लावले आणि तिथून पुढे दारापर्यंत. ती बाजू भरली तेव्हा पुन्हा खिडकीशी येऊन डावीकडे, खोली तापवायच्या चुलीपर्यंत.

दोनदा झडती झाली. झडतीला आलेल्यांनी जमिनीच्या फळ्या उचकटल्या, पिठाचा डबा पालथा केला, आंबवलेल्या कोबीच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातले. त्यांच्यातला एकजण दमून लहान खोलीच्या भिंतीला टेकला आणि वॉलपेपरवरची निळी फुले बघून म्हणाला की काम सुबक आहे, आमच्याकडे कराल का. मी गेले. त्याच्या दोन्ही खोल्यांत मी फुले उलटी लावली, देठ वर. तो नंतर बढती मिळून कुठे गेला ठाऊक नाही. त्याची बायको त्या फुलांचे फार कौतुक करायची.

कलम ५. मार्च १९७३ मध्ये ग्लेब आर्सेन्येविचना नेले. १९७६ मध्ये ते पुन्हा छावणीतच वारले. त्याची चिठ्ठी मला नाही, मॉस्कोला नोन्ना ल्वोव्ना ब्राझ यांना आली. नोन्ना ल्वोव्ना म्हणजे त्यांच्या विद्यापीठातल्या मैत्रीण, साहित्याच्या जाणकार, वर्षातून दोनदा त्यांना भेटायला यायच्या. येताना लिंबे आणि टाइपाच्या रिबिनी आणायच्या, आणि मला नमस्कार करताना माझ्या एप्रनकडे बघायच्या.

पुढच्या उन्हाळ्यात त्या कॅमेरा घेऊन आल्या. फ्योदर दुधाची गाडी घेऊन दूरच्या फेरीवर गेला होता. मी वॉलपेपरच्या कडा पाणी लावून सैल करून ठेवल्या, पान कसे सोडवायचे ते दाखवले आणि कामावर गेले. सुट्टी घेतली असती तर टोळीत चर्चा झाली असती. संध्याकाळी परत आले तेव्हा भिंत उघडी होती आणि पाने, फोटो काढून झाल्यावर, त्यांच्या कोटाच्या अस्तरात गेली होती. नोन्ना ल्वोव्नाने प्रत्येक पानावर पेन्सिलीने आकडा घातला होता. एक नंबर, दारातून शिरल्यावर डाव्या हाताला चुलीजवळचे पान, म्हणजे मी शेवटी शेवटी लावलेले. तिथून खिडकीकडे आणि तसेच पुढे खोलीभर गोल फिरत त्या परत दाराशी आल्या होत्या, पुस्तक वाचावे तशा. मी ते आकडे नीट पाहिले नाहीत. खिडकीपासून सुरू करा असे मी त्यांना सकाळी सांगितले नव्हते, कारण ते सांगावे लागते हे माझ्या मनातच आले नाही. रंगाऱ्याला ते सांगावे लागत नाही.

पुस्तक बाहेरदेशी छापले गेले. त्यात छावणीतून सुटून घरी आलेला माणूस आधी येतो, मग तो मागे मागे जातो आणि ज्या हिवाळ्यात त्याचा सोबती ओंडक्यांखाली गेला तिथे पुस्तक संपते. मोठ्या लोकांनी लिहिले की लादीगिनने काळ उलटा वाहवला, याच्याइतके काळेकुट्ट पुस्तक आपल्या भाषेत नाही, या माणसाला कुठेच आशा दिसली नाही. मला हे फार लागले. ते दुःखी होते, पण निराश नव्हते. निराश माणूस बालवाडीतल्या पोरांसाठी वॉलपेपरच्या उरलेल्या तुकड्यांची जहाजे करत बसत नाही.

१९९१ मध्ये पुस्तक आपल्याकडे निघाले तेव्हा गावच्या वाचनालयात सभा झाली. नोन्ना ल्वोव्ना व्यासपीठावर होत्या. त्या उलट्या काळाबद्दल बोलल्या. मी उठून म्हटले की ही पाने दारापासून वाचली गेली आहेत, ती खिडकीपासून वाचायची होती. थोडे लोक हसले. नोन्ना ल्वोव्ना हसल्या नाहीत, पण शांतपणे म्हणाल्या, "कापितोलिना येगोरोव्ना, भिंतीचं तुम्ही सांगा, कादंबरीचं आम्ही बघू." मी खाली बसले. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोललेले नाही. बारा वर्षांत त्यांनी पाठवलेली नववर्षाची कार्डे मी चुलीत घातली आहेत, न उघडता.

कलम ६. वरील कलमात मी नोन्ना ल्वोव्नाची चूक लिहिली. आता माझी लिहिते. ती कोणालाही माहीत नाही.

त्यांना नेण्याच्या आदल्या दिवशी ग्लेब आर्सेन्येविचनी मला आणखी चार पाने दिली. म्हणाले, "येगोरोव्ना, हे शेवटचं. हे मात्र वाचू नका, नुसतं लावा." बाकीचे सगळे मी लावता लावता वाचले होते आणि त्यांना ते माहीत होते. चुलीजवळच्या, कपाटामागच्या तुकड्यावर जागा उरली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी, ते लोक त्यांना घेऊन गेल्यावर, मी ती पाने लावायला घेतली. मी रडत होते आणि माझे हात आपापले काम करत होते. हातांनी सवयीप्रमाणे भिंतीला पूर्ण खळ मारली, पानांवरूनही मारली, वरून वॉलपेपर बसवला आणि फडक्याने हवा काढली. वीस वर्षांत इतके पक्के काम मी केले नसेल. शुद्धीवर आले तेव्हा ते वाळले होते.

म्हणून नोन्ना ल्वोव्ना आल्या तेव्हा कपाट हलवायची गरज नाही असे मी त्यांना सांगितले. एक कारण लाजेचे. कारागिराने असे काम करून ठेवावे आणि मग ते दाखवावे, हे माझ्याने झाले नाही. दुसरे कारण फ्योदर. पातळ कागदावर खळ बसली तेव्हा अक्षरे उठून दिसली आणि पहिली ओळ नको नको म्हणता माझ्याकडून वाचली गेली. ती ओळ फ्योदरने वाचली असती तर तो समजला असता. छापून आली असती तर पुरे गाव समजले असते. फ्योदर पीत होता, चिडत होता, पण त्याने ग्लेब आर्सेन्येविचना आठ वर्षे आमच्या ताटात जेवू दिले आणि दोन्ही झडत्यांत ओठ उघडले नाहीत. त्याला मी गावाच्या तोंडी देणार नव्हते.

१९९६ मध्ये फ्योदर अंथरुणाला खिळला. जायच्या आदल्या आठवड्यात, मी त्याला सूप भरवत असताना, तो म्हणाला, "कापा, तेवीस वर्षं झाली. कपाटामागच्या भिंतीला मी कधी खिळा मारला नाही. तुझ्या लक्षात आलं का?" मी म्हटले नाही. तो म्हणाला, "आता येऊ दे." आणि सूप मागितले.

त्यानंतरची सात वर्षे मी गप्प का राहिले याला चांगले उत्तर नाही. सभेत हसलेले लोक माझ्या कानात बसले होते. माझ्याकडे पुरावा होता आणि तो मी मुद्दाम देत नव्हते, म्हणजे नोन्ना ल्वोव्ना चुकीच्याच राहाव्यात. त्यांना चुकीचे ठेवण्यासाठी मी त्यांनाही, म्हणजे ग्लेब आर्सेन्येविचनाही, तीस वर्षे उलटे टांगून ठेवले.

कलम ७. सबब, लहान खोलीची चुलीजवळची भिंत, कपाटामागचा भाग, अंदाजे दीड मीटर रुंद, तिच्यावरील वॉलपेपर, खळ, गिलावा, गिलाव्यामागच्या लाकडी पट्ट्या आणि मध्ये जे काही असेल ते, मी नोन्ना ल्वोव्ना ब्राझ, राहणार मॉस्को, यांना कायमचे देते. संग्रहालयाला नाही, विद्यापीठाला नाही, त्यांना. पुस्तकाचा क्रम बदलायचा झाला तर तो ज्याने लावला त्यानेच बदलला पाहिजे, दुसऱ्या कोणावर लोक विश्वास ठेवणार नाहीत. आणि माझ्या ओळखीत 'मी चुकले' असे सही करून लिहिण्याइतकी शिकलेली बाई ती एकटीच आहे.

अटी अशा. भिंत सोडवण्याचे काम उस्तिन्याने करावे. कोमट पाणी, त्यात थोडे व्हिनेगर, मग किटलीची वाफ, पुन्हा पाणी. लांबीची पट्टी लावायची नाही, बोटांनीच. घाई केली तर अक्षरे वॉलपेपरबरोबर निघून येतील. तीन दिवस लागले तर तीन दिवस. तेवढे दिवस पाण्याची बादली नोन्ना ल्वोव्नाने धरावी, एप्रन घालून. माझा एप्रन दारामागे आहे. वाफेने जमले नाही तर उस्तिन्याने गिलावा पट्ट्यांसकट कापून अख्खा तुकडा मॉस्कोला पाठवावा, तिथे म्हणे आता कागद न सोडवता वाचायची यंत्रे आहेत. हे सर्व होईपर्यंत वालेरीने घर विकू नये, पाडू नये, गिऱ्हाइकाला आत आणू नये. त्याने ही अट मोडली तर घर आणि जागा उस्तिन्याची. वालेरी, रागावू नकोस. मी तुला ओळखते, म्हणून लिहिले.

कलम ८. शेवटचे. नोन्ना ल्वोव्ना, हे तुमच्यासाठी आहे. वर जिचा उल्लेख केला ती ओळ अशी: "'खिडकीपासून सुरुवात करायची,' ती म्हणाली, 'उजेड जिथून येतो तिथून, म्हणजे पुढे सांधा दिसत नाही.'" हे माझे शब्द आहेत. बालवाडीत, पहिल्या दिवशी, ओला पट्टा ओढून काढताना मी ते बोलले होते. पुस्तक कुठून वाचायचे ते त्यांनी स्वतःच सांगून ठेवले होते. तुम्ही मला विचारले नाही आणि मी तुम्हाला दाखवले नाही. अर्धी चूक तुमची, अर्धी माझी. तुमची कार्डे जाळली त्याबद्दल माफ करा.

त्या ओळीच्या पुढे काय आहे ते मला माहीत नाही. तीस वर्षे मी त्या भिंतीपासून चार पावलांवर झोपले, पण त्यांनी वाचू नका म्हटले होते म्हणून कडा उचलून पाहिली नाही. पाने सुटली की तुम्ही ती घेऊन स्मशानात या. मी फ्योदरच्या शेजारी असेन. तिथे उभे राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचा, सावकाश, कारण फ्योदरला ऐकू कमी यायचे. त्यांनी मला वाचायची मनाई केली होती. ऐकायची नाही.

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी लिहून, पुन्हा एकदा वाचून, समजून, खालील दोन साक्षीदारांसमोर सही केले. दोघांनाही यातून काही मिळणार नाही, पिरोगाशिवाय.

(सही) कापितोलिना सुखारेवा

साक्षीदार:
१. तैसिया फिलिपोव्ना कोझिना, निवृत्त औषधविक्रेती, घर क्रमांक अकरा. (सही)
२. सावेली कुझ्मिच रोगोव, चुली बांधणारा, घर क्रमांक चार. (सही) मी साक्षीदार म्हणून लिहितो की सदर बाई शुद्धीवर होत्या. कपाट आम्ही दोघांनी आजच हलवले आहे. भिंतीवर खिळ्याचे एकही भोक नाही.

स्तारी बोर, मंगळवार, १४ ऑक्टोबर २००३